देणगीतलं क्रिकेट किट: शिमग्यापासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

हेल्मेटच्या जाळीचा स्क्रू गंजून तुटला, म्हणून लिहायला बसले. शिमग्याला आलेल्या चाकरमान्यांनी आमच्या वाडीतल्या पोरांसाठी मुंबईहून जुनं सीझन बॉलचं किट आणलं. माझी लेक तेव्हापासून त्यावरच खेळते.

बॅटबद्दल तक्रारच नाही. खालची कड फुटली होती, ती चिकटवून दोरा गुंडाळला, जवसाचं तेल दिलं. इंग्लिश विलोची बॅट विकत घेणं आम्हाला जमलंच नसतं. पॅडच्या चिकटपट्ट्या गेल्या होत्या, त्या बाजारात चपला शिवणाऱ्या काकांनी नव्या लावून दिल्या.

मे महिन्यापर्यंत मी या किटला पैकीच्या पैकी गुण देत होते. पावसाने मत बदललं. बंद बॅगेत ग्लोव्हजना बुरशी आली (ते दोरीवर टांगूनच ठेवा), आणि खाऱ्या हवेने हेल्मेटची जाळी खाल्ली. दुकानदार म्हणाला, "ताई, नुसती जाळी मिळत नाही, स्क्रूही नाहीत, नवीन हेल्मेटच घ्या." चार आण्याच्या स्क्रूसाठी अख्खं हेल्मेट? शेवटी बंदरावर बोटींचं सामान मिळतं तिथून स्टेनलेसचे स्क्रू आणले. चपखल बसले. जाळी घासून पाहिली तर गंज वरवरचाच होता.

जाळी बसवताना मात्र खरी गोष्ट लक्षात आली. हेल्मेट मोठ्यांचं आहे. मोठ्यांचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा, तर तेरा वर्षांखालच्यांचा १३३ ते १४४ ग्रॅमचा आणि आकारानेही लहान. तो हातात धरून जाळी आणि टोपीच्या मधल्या फटीत दाबला, तर जवळजवळ आत गेला! क्रिकेट हेल्मेटच्या बीएस ७९२८:२०१३ या ब्रिटिश मानकात मोठ्यांच्या आणि मुलांच्या चेंडूची चाचणी वेगवेगळी होते, ती याचसाठी. कुठल्या चेंडूसाठी तपासलंय ते आतल्या लेबलवर बघा. आमच्या हेल्मेटवरचं लेबल तर केव्हाच निघून गेलंय.

आता ते हेल्मेट फक्त मोठी मुलं वापरतात, तेही मोठ्या चेंडूसमोर. लहानांसाठी वर्गणी काढून एक नवीन घेतलं. ते आळीपाळीने घालतात. बॅट, पॅड, ग्लोव्हज देणगीतले बिनधास्त घ्या, पैसे वाचतात आणि पोरं खेळतात. हेल्मेट घेताना चेंडू सोबत न्या. जोरात मार बसलेलं असेल तर फुकटसुद्धा घेऊ नका.

गणपतीला येणाऱ्यांना निरोप धाडलाय: बॅटी पुरे झाल्या, लहान मापाची हेल्मेटं आणा, लेबलसकट.