छोटा डीओ मीटर: प्रोब चांगला, हिशेब समुद्रकाठचा (५ पैकी ३ तारे)

पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन (डीओ) मोजणारा, खिशात मावणारा मीटर. गॅल्व्हॅनिक, म्हणजे स्वतःच वीज तयार करणारा प्रोब आहे, त्यामुळे चालू केल्यावर दहा-पंधरा मिनिटं ताटकळावं लागत नाही. कॅलिब्रेशनला एकच बटण.

मोठी खोड आधी सांगतो: उंची किंवा दाब भरायची सोयच नाही. असा प्रोब मिलिग्रॅम मोजतच नाही. तो ऑक्सिजनचा आंशिक दाब (एकूण दाबातला ऑक्सिजनचा वाटा) ओळखतो आणि लिटरमागे मिलिग्रॅम किती, ते हेन्रीच्या नियमावर (वायूचा दाब जितका, तितका तो पाण्यात विरघळतो) बेतलेल्या आतल्या कोष्टकातून काढतो. ते कोष्टक पाऱ्याच्या ७६० मिमी दाबाचं. इंदूर साधारण ५५० मीटर उंचीवर, इथे दाब ७१२ च्या आसपास. हवेत धरून बटण दाबलं की मीटर इथल्या हवेलाच १०० टक्के मानतो आणि २५ अंशांना लिटरमागे ८.२६ मिलिग्रॅम दाखवतो. खरा आकडा ७.७२. तेव्हा मिलिग्रॅमचं प्रत्येक वाचन ०.९३५ ने गुणा. टक्क्यांना हात लावू नका, ते इथल्या हवेच्या हिशेबाने बरोबर असतात.

दाब भरता येणारा महागडा मीटर घेतलात, तरी मोबाइलच्या हवामान ॲपमधला आकडा त्यात घालू नका. तो समुद्रसपाटीला आणलेला असतो, बहुधा हजाराच्या वर. इथला खरा दाब ९५० हेक्टोपास्कलच्या आतबाहेर, म्हणजे तेच पाऱ्याचे ७१२ मिमी.

ईटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटच्या) एरेशन टँकमध्ये, म्हणजे हवा फुंकायच्या टाकीत, २ च्या जागी २.१ दिसलं तर काही बिघडत नाही. बीओडीला (पाण्यातली घाण खाताना जंतू किती ऑक्सिजन संपवतात, त्याच्या मापाला) मात्र बिघडतं: पहिलं आणि तीन दिवसांनंतरचं, दोन्ही वाचनं एकाच पटीत चढतात, म्हणून उत्तर थेट सात टक्के जास्त येतं.

मेम्ब्रेनची (प्रोबच्या टोकावरच्या पातळ पडद्याची) कॅप बदलणं सोपं आहे, पण घाईचं नाही. कॅप इलेक्ट्रोलाइटने काठोकाठ भरा, बोटाने टिचकी मारून बुडबुडे वर आणा, मग प्रोब उभा धरून सावकाश फिरवत बसवा. जादा द्रव आट्यांतून बाहेर आला पाहिजे. मोहरीएवढा बुडबुडा आत राहिला तरी वाचन स्थिर होत नाही, आणि लोक मीटरला शिव्या घालतात.

शून्य तपासायला १०० मिली पाण्यात ५ ग्रॅम सोडियम सल्फाइट आणि कणभर कोबाल्ट क्लोराइड; हे मिश्रण पाण्यातला ऑक्सिजन संपवतं. काही मिनिटांत आकडा ०.२ च्या खाली यायला हवा. येत नसेल तर मेम्ब्रेन फाटलंय किंवा कॅथोड काळवंडलाय. नंतर प्रोब भरपूर धुवा.

मोजताना प्रोब हलता ठेवा. तो स्वतःच ऑक्सिजन खातो, त्यामुळे साचलेल्या पाण्यात आकडा हळूहळू उतरत जातो. मे महिन्यात उन्हातल्या बॅगेतून काढून लगेच बुडवलात तर तापमानाचा सेन्सर थंड व्हायला वेळ घेतो, तोवरचं वाचन टाकाऊ. नळाच्या नर्मदेच्या पाण्याला क्षाराची दुरुस्ती लागत नाही. खारट सांडपाण्याला लागते, आणि ती इथे नाही. समुद्राइतक्या खाऱ्या पाण्यात २५ अंशांना ऑक्सिजन १८ टक्के कमी मावतो, तरी हा मीटर गोड्या पाण्याचाच आकडा सांगत राहील.

महिन्यातून एकदा विंकलरशी (रसायनांनी ऑक्सिजन मोजायच्या टायट्रेशन पद्धतीशी) ताडून पाहा: ३०० मिलीच्या बाटलीतलं २०१ मिली, ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेट, १ मिली म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅम. ०.९३५ ने गुणलेलं वाचन त्याच्या ०.२ च्या आत बसलं तर प्रोब ठीक.

डब्यात जादा कॅप एकच येते. घेताना आणखी दोन मागून घ्या.