भिंतीला बुरशी आलीय, मग बोलवायचं कोणाला? पेंटर, टेस्टवाला की वॉटरप्रूफिंगवाला

जुलैत कपाटामागे काळे ठिपके दिसले, कपड्यांना कुबट वास, त्यात मुलीचा रात्रीचा खोकला, आणि नेटवर 'टॉक्सिक ब्लॅक मोल्ड' म्हणजे विषारी काळी बुरशी असं वाचून माझी झोपच उडाली. डोंबिवलीतल्या आमच्या घरात दोन पावसाळे यात गेले, म्हणून लिहितेय.

पेंटर स्वस्त पडतो आणि लगेच येतो. खरवडणार, पुट्टी मारणार, वरून अँटीफंगल पेंट. पण आतली ओल तशीच राहिली तर पोपडे परत सुटतात, आमचे दिवाळीच्या आत सुटले. गळती थांबून भिंत नीट सुकल्यावरच त्याला बोलवा.

टेस्टवाला हवेचं सॅम्पल घेऊन बुरशीच्या नावांचा रिपोर्ट देतो. माझ्या मते हे पैसे वाचवा. अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था सीडीसीसुद्धा घरात नेहमी अशी टेस्ट करा म्हणत नाही, कारण किती बुरशी म्हणजे धोका याचा ठरलेला आकडाच नाहीये आणि जात कुठलीही निघाली तरी ती काढायचीच असते. डब्ल्यूएचओच्या २००९ च्या गाइडलाइनचा भरही ओल हटवण्यावरच आहे. आणि काळी दिसली म्हणजे विषारीच असंही नाही, रंगावरून ते कळत नाही.

राहिला वॉटरप्रूफिंगवाला किंवा जुना जाणता प्लंबर, खरं काम इथेच होतं पण माणूस पारखून घ्या. आमच्याकडे पहिला आला त्याने दारातूनच बघून अख्ख्या बाहेरच्या भिंतीचं कोटेशन दिलं. दुसरा आधी वरच्यांच्या बाथरूममध्ये गेला, नहाणीचं पाणी जायचं भोक बुजवून रंगाचं पाणी भरून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी आमच्या भिंतीवर तोच रंग उतरला, म्हणजे बाहेरच्या भिंतीचा काही संबंधच नव्हता! पाणी कुठून येतंय हे शोधल्याशिवाय जो रेट सांगतो त्याला काम देऊ नका. त्याआधी घरी एवढं करून बघा, ओल्या जागेवर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून एक दिवस ठेवा, भिंतीच्या बाजूला थेंब आले तर पाणी आतून येतंय, खोलीच्या बाजूला आले तर हवेतला दमटपणा, मग कपाट भिंतीपासून जरा लांब सरकवा आणि एक्झॉस्ट चालू ठेवा.

खर्चावरून भांडण होणारच. मॉडेल बायलॉजप्रमाणे, म्हणजे हाउसिंग सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या कॉमन पाइपची गळती सोसायटीकडे, संडास-सिंकमुळे होणारी आतली गळती त्या फ्लॅटवाल्याकडे. सेक्रेटरीला लेखी द्या, फोटोसकट.

तीन फूट बाय तीन फूट एवढाच डाग असेल तर स्वतः साबणाच्या पाण्याने घासून सुकवलं तरी चालतं, अमेरिकेची सरकारी पर्यावरण संस्था ईपीए साधारण हीच मर्यादा सांगते, फक्त एन-९५ मास्क आणि ग्लोव्हज घाला, खिडकी उघडी ठेवा. घरात दमा असलेलं कोणी असेल तर त्याला त्या वेळी दुसरीकडे पाठवा.

आणि खोकल्यासाठी नेटवरचे डिटॉक्स पॅक नकोत, छातीच्या डॉक्टरांकडेच जा आणि भिंतीचे फोटो सोबत न्या, आमच्या डॉक्टरांनी ते बघूनच मुलीचा बेड त्या भिंतीपासून हलवायला सांगितला आणि ॲलर्जीची टेस्ट लिहून दिली.