एम-इंडिकेटर, यात्री की मुंबई वन: फोनमध्ये काय ठेवावं?

भाचा नोकरीसाठी डोंबिवलीत राहायला आला, ऑफिस अंधेरीला. आठवड्याभरात त्याने फोनमध्ये प्रवासाची पाच ॲप भरली आणि विचारलं, "मामा, यातलं ठेवू कुठलं?" मी उलट विचारलं, "तू पासवाला होणार की तिकीटवाला?" सगळा निकाल त्यावरच लागतो.

पासवाल्याला तिकिटाची पडलेली नसते, त्याला गाडी हवी असते. त्याच्यासाठी एम-इंडिकेटर. २०१० पासून हे ॲप मुंबईकरांच्या फोनमध्ये टिकून आहे, कारण वेळापत्रक फोनमध्येच साठवलेलं असतं. नेट गेलं तरी पुढची फास्ट लोकल किती वाजता, हे दोन टिचक्यांत कळतं. जिना उतरताना एवढाच वेळ हातात असतो. रिक्षाचं भाडं, मेगाब्लॉक, नाटकांचे प्रयोग हेही त्यातच; जाहिराती तेवढ्या सोसाव्या लागतात.

पण वेळापत्रकातली गाडी आणि रुळावरची गाडी यांची भेट पावसाळ्यात क्वचितच होते. एम-इंडिकेटरवर ट्रेन चॅट आहे, गाडीत अडकलेले लोकच "मुंब्र्याला उभी आहे" असं कळवतात. उपयोगी आहे, पण त्यात निम्मा वैताग असतो. इथे रेल्वेचं यात्री ॲप सरस. लोकलवर बसवलेल्या जीपीएसमुळे गाडी नेमकी कुठे आहे ते नकाशावर दिसतं. गाडी अजून कल्याणलाच आहे असं कळलं, की डोंबिवलीचा माणूस चहा संपवून निघतो. मात्र त्याला नेट लागतं. म्हणून मी दोन्ही ठेवतो: रोज उघडतो एम-इंडिकेटर, गाड्यांचा खोळंबा झाला की यात्री.

तिकीटवाल्याचं गणित वेगळं. डोंबिवली ते घाटकोपर लोकल आणि पुढे मेट्रो १ ने अंधेरी, असा प्रवास महिन्यातून दोनदाच असेल तर मुंबई वन बघा. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या या ॲपमध्ये लोकल, मेट्रो, मोनो, बेस्ट अशा ११ सेवा एकत्र आहेत. दोनदा रांग लावायची गरज नाही. रोजच्या पासवाल्याला मात्र यातून फारसं हाती लागत नाही.

नुसतं लोकलचं तिकीट काढायचं असेल तर रेल्वेचं रेलवन ॲप पुरे. एक लक्षात ठेवा: तिकीट स्टेशनात शिरण्याआधी काढा. टीसी समोर असताना फोनची बॅटरी संपली, तर तुम्ही विनातिकीटच.

भाच्याने पास काढला, तीन ॲप उडवली. यात्री आणि एम-इंडिकेटर राहिली. मग चौथ्या दिवशी गुगल मॅप्स परत टाकलं, अंधेरीला उतरल्यावर ऑफिसची गल्ली सापडेना म्हणून.