पिंपळे सौदागर: मुलांना छान, पाण्याला मात्र आधी टाकी बघा

नोकरी हिंजवडीत, मूल पहिली-दुसरीत आणि सोबत आई किंवा सासूबाई, अशा कुटुंबाची पुण्यात बदली झाली की ब्रोकरच्या जपमाळेत चार नावं हमखास येतात: वाकड, बाणेर, हिंजवडी आणि पिंपळे सौदागर. हा आढावा चौथ्याचा. बाकीची नावं तुलनेपुरती, आणि कोथरूड मुद्दाम, कारण मराठी कुटुंबाच्या मनात ते असतंच.

निकाल आधी सांगतो. मूल दहा वर्षांच्या आतलं असेल आणि दोघांपैकी एकाचं ऑफिस हिंजवडी आयटी पार्कच्या पहिल्या किंवा दुसऱ्या फेजमध्ये असेल, तर सौदागर घ्या. मुलगी अकरावीत असेल, किंवा आजोबांना दर आठवड्याला टिळक रस्त्यावर जायचं असेल, तर घेऊ नका.

सौदागर पिंपरी-चिंचवड महापालिकेत येतं, पुणे महापालिकेत नाही. वर्तमानपत्रातल्या पाण्याच्या, कचऱ्याच्या आणि कराच्या बातम्या वाचताना हे लक्षात ठेवावं लागतं, कारण पुण्याला पाणी देणारं खडकवासला धरण भरलं म्हणून इथल्या नळाला फरक पडत नाही. इथलं पाणी पवना धरणाचं. धरणातून नदीत सोडलेलं पाणी रावेतला उचलतात आणि निगडीला शुद्ध करतात. थेट धरणापासून बंद जलवाहिनी टाकायची योजना होती, ती मावळात विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांवर ९ ऑगस्ट २०११ ला झालेल्या गोळीबारानंतर अडकली आणि वर्षानुवर्षं स्थगितच राहिली. लोकसंख्या मात्र थांबली नाही. शेवटी नोव्हेंबर २०१९ पासून शहरभर दिवसाआड पाणी सुरू झालं आणि तीच पद्धत अंगवळणी पडली.

दिवसाआड पाणी ही मोठी अडचण नाही. अडचण होते ती सोसायटीची जमिनीखालची टाकी लहान असली की. हिशेब सोपा आहे. माणशी दिवसाला १३५ लिटर हा नियोजनाचा सरकारी निकष. चार माणसांचं घर म्हणजे ५४० लिटर, शंभर सदनिका म्हणजे ५४,००० लिटर. पाणी दिवसाआड असेल तर पिण्याची आणि वापराची मिळून टाकी किमान १,०८,००० लिटरची हवी. त्याहून कमी असेल तर दुसऱ्या दिवशी दुपारनंतर टँकर येणार. दहा हजार लिटरचा एक, असे एका दिवसाचं पूर्ण पाणी टँकरने आणायचं तर पाच-सहा फेऱ्या. तो खर्च मेंटेनन्समध्ये कुठेतरी दडलेला असतो, किंवा दर तिमाहीला ‘पाणी अधिभार’ म्हणून वेगळा येतो. भाडेकरार करताना हा अधिभार कोणी भरायचा ते लिहून घ्या. ‘मेंटेनन्स मालकाकडे’ एवढंच लिहिलं असेल तर एप्रिलमध्ये वाद ठरलेला.

ब्रोकरला पाण्याबद्दल विचारू नका, ‘चोवीस तास’ असंच उत्तर मिळेल. नळाला चोवीस तास पाणी असतं हे खरंच आहे, प्रश्न ते कुठून येतं हा आहे. गेटवरच्या वॉचमनकडे गाड्यांच्या नोंदीची वही असते. त्यात मार्च ते मे महिन्यांत टँकरच्या किती नोंदी आहेत ते बघा. मग वर जाऊन बाथरूमचा शॉवर बघा. भोकांवर पांढरी खपली, नळाच्या तोंडाशी चुन्यासारखा थर आणि काचेवर न निघणारे ठिपके दिसले तर वापराचं पाणी बोअरचं किंवा टँकरचं आहे. अशा घरात साबणाला फेस कमी येतो, गिझरचा एलिमेंट लवकर जातो आणि लहान मुलांची कातडी कोरडी पडते. स्वयंपाकघरात महापालिकेच्या पाण्याची स्वतंत्र लाइन आहे का, हे ओट्याखाली वाकून बघा. चांगल्या सोसायट्यांत दोन वेगळे पाइप दिसतात.

हे सगळं अति वाटत असेल तर जानेवारी २०२५ आठवा. सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी परिसरात गुलेन बारी सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकापाठोपाठ एक सापडले तेव्हा विहिरीचं आणि टँकरचं पाणी हाच चर्चेचा विषय होता. महापालिकेत नंतर समाविष्ट झालेल्या गावांत नाव आधी बदलतं, नळ मागून येतो. महाळुंगे, सूस आणि वाघोली २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली. तिथल्या जाहिरातींत ‘बाणेर ॲनेक्स’ किंवा ‘खराडी ॲनेक्स’ असं छापलेलं दिसेल, पण पाण्याची चौकशी गावाच्याच नावाने करा. हिंजवडी तर ग्रामपंचायतीच्या कारभारात वाढलेलं गाव. आयटी पार्क एमआयडीसीचं म्हणजे औद्योगिक विकास महामंडळाचं आणि बांधकामांची परवानगी पीएमआरडीए या महानगर विकास प्राधिकरणाची, त्यामुळे रस्त्यावर पाणी साचलं तर फोन कोणाला करायचा याचं उत्तर सरळ मिळत नाही. ऑफिसला चालत जाता येतं हा हिंजवडीचा एकमेव मुद्दा. तो मोठा आहे, पण तो एका माणसाचा मुद्दा आहे, घराचा नाही.

सौदागरची खरी जमेची बाजू रस्त्यावर उतरलं की कळते. कोकणे चौक, शिवार चौक, गोविंद यशदा चौक या टप्प्यात आतले रस्ते आखून केलेले आहेत, बऱ्याच ठिकाणी चालता येईल असा पदपथ आहे, आणि बालरोगतज्ज्ञ, दातांचा डॉक्टर, वह्या-पुस्तकांचं दुकान, पोळी-भाजी केंद्र, कराटेचा क्लास हे सगळं अर्ध्या किलोमीटरच्या आत आहे. संध्याकाळी लिनिअर गार्डनला आजी-आजोबा आणि सायकलवाली पोरं एकाच वेळी मावतात. नऊ वर्षांच्या मुलाला मोठा रस्ता न ओलांडता दुकानातून दही आणायला पाठवता येईल, अशी जागा या पट्ट्यात दुर्मीळ आहे. वाकडला इमारती तशाच आहेत, पण खाली उतरलं की समोर महामार्गाचा सेवा रस्ता किंवा डांगे चौकाकडे धावणारी रहदारी. बाणेरला हॉटेलं उत्तम, पदपथ तुटक आणि टँकरवर जगणाऱ्या सोसायट्या बऱ्याच.

घर मात्र आतल्या गल्लीत घ्या, कुणाल आयकॉन रस्त्याला लागून नको. त्या रस्त्यावर संध्याकाळी सातनंतर चाटच्या गाड्या, दुहेरी पार्किंग आणि हॉर्न यांचा जो मेळ जमतो, तो तिसऱ्या मजल्यापर्यंत स्पष्ट ऐकू येतो. दुसरा त्रास डासांचा. पवना सौदागरच्या कडेने वाहते आणि उन्हाळ्यात नदीवर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो. नदीकडच्या सोसायट्यांत खिडक्यांना जाळी आहे का, आणि ती सरकते की फाटली आहे, हे बघून घ्या. जाळी बसवून देणं मालकाकडून करारात घेतलं तर बरं. नदीच्या बाजूला पुराची निळी आणि लाल रेषाही विचारायला हवी: निळी साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदाच्या पुराची. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत तळमजले आणि वाहनतळ बुडाले ते मुठेच्या काठावर. पवना आणि मुळेच्या काठी, सांगवीकडे, हा अनुभव वेगळा नाही. भाडेकरूचं नुकसान बहुतेक वेळा एकच असतं, तळघरात उभी असलेली गाडी.

आता शाळा. मराठी माध्यम हवं असेल तर सौदागरचे गुण निम्मे करा. इथे इंग्रजी माध्यमाच्या आणि त्यातही सीबीएसई शाळांची गर्दी आहे. मराठी माध्यमाच्या नावाजलेल्या शाळा शोधायच्या तर निगडी प्राधिकरणात ज्ञानप्रबोधिनीचं नवनगर विद्यालय किंवा पुण्यात सेनापती बापट रस्त्यावरचं अक्षरनंदन अशी नावं निघतात, आणि मग घरही त्या बाजूला बघायला लागतं. इंदूर, बडोदा किंवा बेंगळुरूहून येणाऱ्या मराठी घरांसाठी एक गोष्ट: २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी विषय सक्तीचा आहे. घरी मराठी बोलणाऱ्या पण वाचता न येणाऱ्या मुलाला पहिले सहा महिने जड जातात. बाराखडी बदलीच्या आधीच सुरू करा.

वेळेचा घोळ सर्वांत जास्त इथे होतो. सीबीएसईचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, राज्य मंडळाचं जूनच्या मध्याला. मे महिन्यात सामान हलवून जूनमध्ये सीबीएसई शाळेत गेलात तर एप्रिलपासूनचा अभ्यास बुडालेला असतो आणि जागाही भरलेल्या असतात. चौकशी आदल्या दिवाळीत सुरू करा. पहिलीसाठी ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण हा महाराष्ट्राचा निकष आहे. दुसऱ्या राज्याची तारीख वेगळी असेल तर मूल एक इयत्ता मागे-पुढे होऊ शकतं. जुन्या शाळेचा दाखला, गुणपत्रक आणि यूडायस प्लस या सरकारी पोर्टलवरचा मुलाचा कायमस्वरूपी पेन क्रमांक घेतल्याशिवाय जुनं गाव सोडू नका, नंतर फोनवर ही कामं होत नाहीत. आरटीईच्या म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांसाठी घरापासून शाळेचं अंतर मोजलं जातं. तिथे नोंदणी न केलेला भाडेकरार चालत नाही.

शाळेला ‘वेळ काय?’ असं न विचारता ‘आमच्या गेटवर बस किती वाजता येईल आणि आमचा थांबा कितवा?’ असं विचारा. सव्वाआठची शाळा आणि पहिला थांबा म्हणजे मूल पावणेसातला खाली. बस गेटच्या आत वळते की मुलाला मुख्य रस्त्यावर उभं राहावं लागतं, हेही बघा. शाळा जगताप डेअरी चौकाच्या पलीकडे असेल तर पाच किलोमीटर हे अंतर कागदावरच कमी असतं.

तोच चौक ऑफिसच्या वाटेवरही आहे. सौदागर ते हिंजवडी फेज एक सुमारे आठ किलोमीटर. रविवारी सकाळी वीस मिनिटं लागतात आणि ब्रोकर घर दाखवतो ते रविवारीच. मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी साडेआठला एकदा आणि संध्याकाळी साडेसहाला उलट दिशेने एकदा, गाडी स्वतः चालवून बघा. जगताप डेअरी, कस्पटे वस्ती, वाकडचा पूल आणि शिवाजी चौक या चार ठिकाणी किती वेळ गेला ते वेगवेगळं लिहा. एकाच ठिकाणी अडकत असाल तर ऑफिसची वेळ अर्धा तास सरकवून सुटका होते, चारही ठिकाणी अडकलात तर नाही. फेज तीनला ऑफिस असेल तर सौदागरचा विचार सोडून माण किंवा मारुंजीकडे बघावं, पाण्याची तडजोड करून. माण-हिंजवडीकडून शिवाजीनगरला जाणारी मेट्रोची मार्गिका बाणेर रस्त्यावरून आहे, सौदागरमधून नाही. इथल्यांना जवळची मेट्रो म्हणजे नाशिक फाटा, रिक्षाने सुमारे तीन किलोमीटर. सप्टेंबर २०२४ पासून ती थेट स्वारगेटपर्यंत जाते, त्यामुळे मंडईत जायला गाडी काढायची गरज उरली नाही. आजीसाठी फाट्यापर्यंतची रिक्षा हीच अडचण.

कोथरूड या सगळ्यावर मात करतं ते पाणी, वनाझ ते रामवाडी मेट्रो, नाट्यगृह आणि टेकडी यांवर. हरतं ते हिंजवडीच्या अंतरावर आणि पार्किंगवर. तिथे भाड्याने घेताना एकच प्रश्न विसरू नका: सोसायटीने पुनर्विकासाचा ठराव केला आहे का? लिफ्ट नसलेल्या चारमजली इमारती एकामागून एक पाडल्या जात आहेत. मालकाला विकसकाकडून पर्यायी घराचं भाडं मिळतं, भाडेकरूला फक्त नोटीस.

करार ११ महिन्यांचा असला तरी नोंदणी सक्तीची आहे आणि ती ऑनलाइन होते. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. भाडं ३०,००० आणि अनामत १,००,००० धरली तर अकरा महिन्यांचं भाडं ३,३०,००० अधिक अनामतीवरचं दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज साधारण ९,१६७, म्हणजे शुल्क ८५० च्या आसपास. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,०००. एजंट यापेक्षा बरंच जास्त सांगत असेल तर हिशेब कागदावर मागा. लॉक-इन, म्हणजे ज्या काळात घर सोडता येत नाही ती मुदत, तीन महिन्यांपेक्षा जास्त मान्य करू नका, कारण शाळा जमली नाही तर ते तेवढ्यातच कळतं. रंगकामापोटी अनामतीतून एक महिन्याचं भाडं कापायचं कलम बऱ्याच करारांत गुपचूप असतं, ते खोडा किंवा रक्कम ठरवा. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देणं मालकाचं काम, पण पावतीची प्रत स्वतःकडे ठेवा.

शेवटी सामान. बहुतेक सोसायट्या रविवारी आणि संध्याकाळी ट्रक आत घेत नाहीत, लिफ्टसाठी वेगळे पैसे आणि समितीचं ना-हरकत पत्र मागतात. ते पत्र दोन दिवस आधी घ्या, आणि ट्रक पोडियमच्या, म्हणजे पार्किंगवरच्या स्लॅबच्या, खालून जातो का हे वॉचमनला विचारा. नाही गेला तर कपाट गेटपासून हातगाडीवर येतं आणि हमाल त्याचे वेगळे पैसे लावतात.