पिम टेस्टर भाड्याने: पावसाळा धरून काही महिने वापरल्यानंतर

चिपळूण-गुहागर पट्ट्यात टॉवरवर अँटेना बसवणं आणि नंतरची देखभाल ही आमची कामं. स्वीपसाठीचा (केबल-अँटेनातून किती सिग्नल परत फिरतो ते बघायच्या तपासणीचा) साइट मास्टर रोज लागतो, तो घरचाच आहे. पिम (सैल किंवा गंजक्या जागी दोन सिग्नल मिसळून तयार होणारा नको तो सिग्नल) मोजणारा टेस्टर मात्र पुण्याहून भाड्याने येतो. एक तर त्याची किंमत आमच्यासारख्या लहान ठेकेदाराला झेपत नाही, आणि दुसरं म्हणजे एक मशीन साधारण एकाच बँडचं असतं. ऑर्डर देताना ९०० मेगाहर्ट्झचा बँड की १८०० चा, हे लेखी कळवा. फोनवर सांगितलेलं गोदामापर्यंत पोचतंच असं नाही.

स्वीप पास झाली की झालं, असं अजून पुष्कळजण धरून चालतात. गुहागरजवळच्या एका साइटवर व्हीएसडब्ल्यूआर (परत फिरणाऱ्या सिग्नलचं माप) १.३ च्या आत होता, तरी अपलिंकला, म्हणजे मोबाइलकडून टॉवरकडे येणाऱ्या सिग्नलला, नॉइज. स्वीपचा सिग्नल अगदी कमी पॉवरचा असतो, सैल किंवा गंजका सांधा त्याला दाद देत नाही. पिम टेस्टर प्रत्येकी २० वॅटचे दोन कॅरियर (सिग्नल) सोडतो, तेव्हा तो सांधा बोलायला लागतो. रिगर (टॉवरवर चढणारा माणूस) एकेका कनेक्टरवर पान्याच्या रबरी मुठीने हलकेच टकटक करत गेला आणि खाली मी आकडा बघत होतो. जंपर (रेडिओ आणि अँटेना जोडणारी छोटी केबल) ढिम्म. अंतर दाखवणारा ग्राफ बघितला तर उंचवटा अँटेनाच्याही पुढे! अँटेनासमोर एक जुना क्लॅम्प खाऱ्या हवेने पार सडला होता. तो काढला आणि रीडिंग उणे १५० डीबीसीच्या (कॅरियरच्या तुलनेत पिम किती, त्याचं माप; जितकं खाली तितकं चांगलं) खाली गेलं. (मशीन चालू असताना अँटेनासमोर कुणी उभं राहायचं नाही आणि सेक्टर (टॉवरची त्या दिशेची सेवा) बंद करून घ्यायचा, हे नव्या पोरांना दरवेळी सांगावं लागतं.)

मशीनबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती पेटीतल्या बाकीच्या सामानाबद्दल. एकदा आलेल्या टेस्ट केबलचा कनेक्टर इतका झिजलेला होता की केबल हलवली की आकडा नाचायचा. बदली केबल यायला वेळ लागला आणि भाडेवाल्याने त्या दिवसांचंही बिल लावलं. आता पेटी उघडली की आधी केबलच्या टोकाला लो-पिम लोड (स्वतः जवळजवळ पिम न करणारं टोपण) लावून बघतो. साइटला ठरलेल्या पिमच्या मर्यादेपेक्षा निदान १० डीबी चांगलं आलं नाही तर पेटी टॉवरपर्यंत नेतच नाही. कॅलिब्रेशन सर्टिफिकेटवरचा सीरियल नंबर मशीनशी जुळवून घ्या, एटीच्या (काम स्वीकारण्याआधीच्या तपासणीच्या) वेळी पहिलं बोट तिथेच ठेवतात. टॉर्क पाना पेटीत नसतो, तो स्वतःचा ठेवा. ४.३-१० कनेक्टरला ५ न्यूटन-मीटर आणि ७/१६ कनेक्टरला २५ च्या वर, एवढा फरक हाताच्या अंदाजाने जमत नाही.

भाडं पेटी त्यांच्या दारातून निघाल्यापासून मोजतात. जुलैत कुंभार्ली घाटात गाडी अडकली, वर पाऊस असला की रिगर चढत नाही, आणि मीटर चालूच. म्हणून पावसाळ्यात आठवड्याचा दर घेऊ नका. महिन्याचा ठरवा आणि साइट्स साठवून एकदम उरका. १८ टक्के जीएसटीचं क्रेडिट मिळतं, पण डिपॉझिट परत यायला पाठपुरावा करावा लागतो.

कधी विकत घेऊ का? नाही वाटत. ५जीच्या ३३०० मेगाहर्ट्झवाल्या मॅसिव्ह मिमो (एकाच पेटीत पुष्कळ अँटेना असलेल्या) युनिटमध्ये रेडिओ आणि अँटेना एकत्रच येतात, मध्ये जंपरच नाही. तिथे लागतो फायबरचं टोक तपासायचा स्कोप आणि पॉवर मीटर, आणि ते दोन्ही आम्ही विकत घेतलेत.