गॅरेट प्रो-पॉइंटर एटी: पावसात आणि मुळांच्या जाळ्यात खरंच कामाला आला

मी मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो, इथल्या जंगलात जुन्या शेतांच्या दगडी भिंती आणि पडलेल्या घरांच्या तळघरांचे खड्डे अजून दिसतात, १९व्या शतकात लोक शेती सोडून गेले आणि मागे झाडं वाढली. अशाच एका खाजगी जागेत मालकाला विचारून मेटल डिटेक्टरने जुनी नाणी शोधायला गेलो, नोव्हेंबर महिना, रिपरिप पाऊस, घोटाभर ओला पाला आणि खाली नुसती मुळं. डिटेक्टर वाजतो पण नेमकं कुठं खणायचं ते कळत नाही, आणि फावडं नाण्यावर बसलं तर संपलंच सगळं.

तिथं हा नारंगी पिनपॉइंटर, म्हणजे धातू नेमका कुठं आहे ते दाखवणारा हातात धरायचा छोटा डिटेक्टर! खड्ड्यात घातला की धातूजवळ जाईल तसा भरभर थरथरतो, जाड हातमोज्यातूनही कळतं. २० फूट पाण्यापर्यंत वॉटरप्रूफ आहे, त्यामुळे चिखल झाला की सरळ ओढ्यात धुतला. टोकाला लाइट आहे, संध्याकाळी लवकर अंधारतं तेव्हा फार उपयोग होतो. ९ व्होल्टची बॅटरी लागते, एक जास्तीची खिशात ठेवाच.

दोन मुळांच्या बेचक्यात लार्ज सेंट सापडला, १८५७ पर्यंत पाडायचे ते तांब्याचं मोठं नाणं, हिरवंगार पडलेलं, साल वाचता येत नाही पण लिबर्टीचा, म्हणजे स्वातंत्र्यदेवीचा चेहरा दिसतो. हात थरथरत होते माझे. असं नाणं जागेवर घासू नका प्लीज, कापसात ठेवून घरी आणा. आणि पॅन्ट मोज्यात खोचा, थंडीतही गोचीड असतात.