लैंगिक अत्याचाराविरुद्ध कोणतं तंत्रज्ञान कामी येतं: ब्लॉकचेन की स्टॉपएनसीआयआय?
ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली सामायिक डिजिटल नोंदवही; तिच्यावर एकदा चढलेलं पुसता येत नाही. एप्रिल 2018 मध्ये पेकिंग विद्यापीठातल्या लैंगिक अत्याचाराच्या जुन्या प्रकरणाबद्दल एका विद्यार्थिनीने लिहिलेलं खुलं पत्र चीनमध्ये धडाधड हटवलं जाऊ लागलं, तेव्हा कुणीतरी ते इथेरियम नावाच्या ब्लॉकचेनवरच्या एका व्यवहाराच्या नोंदीत घातलं. ते आजही वाचता येतं. आवाज दाबला जात असेल तर ही वाट खरंच मोलाची.

पण कुणी तुमचा नग्न किंवा लैंगिक स्वरूपाचा खासगी फोटो तुमच्या संमतीशिवाय पसरवत असेल तर नेमकं उलटं हवं असतं. तिथं 2021 मध्ये सुरू झालेली स्टॉपएनसीआयआय (StopNCII) ही असे फोटो पसरण्यापासून रोखणारी मोफत ऑनलाइन सेवा मी आधी सुचवेन. फोटो तुमच्या फोनमधून बाहेर जातच नाही. त्याचा फक्त हॅश, म्हणजे डिजिटल ठसा, फेसबुक-इन्स्टाग्रामसारख्यांकडे जातो आणि जुळणारा फोटो तिथं अडवता येतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या खासगी चॅटपर्यंत मात्र तिचा हात पोचत नाही.